डोंगर पोखरून उंदीर: कोणता, कुठला, किती?

(लोणखेडा येथे बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

उंदरांवर भाषण आहे म्हटल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकली, ती मला ऐकू आली. हसायला हरकत नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला, असे आपण म्हणतोच. म्हणजे मेहनत डोंगराएवढी आणि हाती काय, तर उंदीर! माझी तर सगळी नोकरी यातच गेली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सुट्टी लागली की मुलींना घेऊन शेतात, नदीकाठी, सातपुड्याच्या पायथ्याला पिंजरे लावायचे. सकाळी सापडलेला प्राणी ओळखायचा, तोलायचा, नर की मादी ते बघायचे, वहीत लिहायचे आणि जिथे धरला तिथेच सोडून द्यायचा. याला लहान सस्तन प्राण्यांची पाहणी म्हणतात. सस्तन म्हणजे पिल्लाला अंगावर पाजणारे. त्यात हत्ती आला, गाय आली, तुम्ही-मी आलो आणि चिचुंद्रीही आली. त्यांतले जे ओंजळीत मावतात ते लहान.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्यापुढे मजुरीचे प्रश्न आहेत, दारूचे आहेत, टाकलेल्या बायकांचे आहेत. त्यात हे उंदीर कुठून आणलेत? तर सांगते. घरातले धान्य कोण राखते? बाई. उंदराचे औषध पिठात कालवून रात्री कोपऱ्याकोपऱ्यात कोण ठेवते? बाई. शेतात बिळाच्या तोंडाशी उकिडवे बसून निंदणी कोण करते? तीच. आणि उंदीर मारायची मोहीम निघाली, बैठक बोलावली, की सतरंजीवर कोण बसते? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो. ज्याने बीळ कधी हातभर अंतरावरून पाहिले नाही, तो औषधाची पुडी घेऊन घरी येतो आणि बायकोच्या हातात देतो.

आता चहाच्या वेळी मी तिघीजणींना विचारले, तुमच्याकडचा उंदीर कसा असतो गं? इथल्या लोणखेड्याच्या गावठाणातली म्हणाली, काळपट, शेपटी ही एवढी लांब, आढ्यावरून पळतो. उसात कामाला जाणारी म्हणाली, जाडजूड, आखूड शेपटीचा, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग घालतो. शिंदखेड्याच्या कोरडवाहू भागातून आलेल्या मावशी म्हणाल्या, आमचा तर टुणटुण उड्या मारतो, डोळे मोठे आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. तिघींनी शब्द एकच वापरला, उंदीर. प्राणी मात्र तीन निराळे सांगितले. तिघांचे घर निराळे, खाणे निराळे, पोसवणारे रोगही निराळे. आज मला एवढीच एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. जागा बदलली की उंदीर बदलतो आणि उंदीर बदलला की इलाजही बदलायला हवा.

आढ्यावरचा घेऊ. याची शेपटी डोके आणि धड मिळून जेवढी लांबी, त्याहून लांब. दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा तो तिचा तोल सांभाळायला उपयोग करतो. हा चढणारा प्राणी. बीळ खणण्यापेक्षा माळा, कौलांखालची फट, पत्र्याखालचा वासा त्याला आवडतो. नवी वस्तू दिसली की दोन-तीन रात्री तिच्या वाऱ्याला उभा राहत नाही. म्हणून तुम्ही नवा पिंजरा लावता, पहिल्या रात्री काही सापडत नाही आणि सासू म्हणते, पैसे वाया घातलेस. पिंजरा हलवू नका. दोन रात्री नुसता भाकरीचा तुकडा ठेवून उघडाच राहू द्या.

उसातली ती लहान घूस. हिला ओल लागते. पाटाचे पाणी, पाचटाची सावली, खोडव्याचे बुडखे, हा तिचा स्वर्ग. बीळ लांबलचक, त्याला अनेक तोंडे, आणि आत गेल्यावर ती मातीने दार लावून घेते. गहू-ज्वारीच्या हंगामात कणसे तोडून बिळात साठवते. पोटापुरते नाही, कोठारच भरते. कापणी झाल्यावर ही बिळे खणून धान्य काढणाऱ्या बाया कोण असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना कुठले बीळ भरलेले आणि कुठले रिकामे हे बिळाच्या तोंडावरची माती बघून कळते. काही घरांत घूसही भाजून खातात आणि त्यावरून गावात त्यांना हिणवले जाते. हिणवणाऱ्याला बीळ मात्र ओळखता येत नाही.

गोंड्याच्या शेपटीचा राहतो कोरड्या, मोकळ्या जमिनीत आणि बांधाच्या कडेला. काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, त्या भेगांत आणखी एकजण राहतो. मऊ केसांचा, गोल कानांचा, पोटाला फिका. शेतात अंगठ्याएवढा एक पांढऱ्या पोटाचा उंदीर असतो, त्याला आपण घरातल्या उंदराचे पिल्लू समजतो. ते पिल्लू नव्हे, ती पोटुशी आईसुद्धा असू शकते! झुडपी गवताळ भागात एक उंदीर गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडतो आणि झुडपात गवताचे घरटे बांधतो. मुरमाड माळावर राठ, काटेरी केसांचा एक छोटा असतो, तो बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा करून ठेवतो. खड्यांची रास दिसली की समजायचे, इथे त्याचे घर आहे. आणि चिचुंद्री. तिला उंदरांत मोजूच नका. ती किडे, झुरळे खाते. धान्यात कालवलेल्या विषाचा तिच्यावर नेम धरण्यात अर्थ नाही, उलट ती तुमची झुरळे कमी करते. वास येतो, हे खरे. तेवढे सोसा.

यांतल्या त्या मऊ केसांच्या उंदराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचे शास्त्रातले नाव आहे मिलार्डिया मेल्टाडा. मेल्टाडा हा शब्द आला वडारांच्या बोलीतून. वॉल्टर इलियट नावाचा इंग्रज अधिकारी धारवाडकडे होता. त्या भागाला तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणत. त्याने १८३९ साली तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली आणि वडार लोक ज्याला जे म्हणत ते नावही लिहून ठेवले. त्यानेच लिहिले आहे की हे उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांत राहतात आणि पहिला मोठा पाऊस आला, भेगा मिटल्या की ढिगांनी मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत आणि त्यांचा सुळसुळाट झाला. पेरलेले बी खाल्ले, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे कुरतडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. मग त्यांनी वडारांना कामाला लावले. इतके डझन उंदीर मारा, इतके माप धान्य घ्या. हजारोंनी मारले, तरी उंदीर कमी झाल्याचे दिसेना.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, उंदीर वाढतात ते पावसाने, पिकाने, जमिनीने. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले घालते. नुसते मारून तुम्ही तिच्या पुढे जाऊ शकत नाही. दुसरी, वडारांना ते सगळे आधीच माहीत होते. शास्त्राने नाव तेवढे घेतले.

त्या नावाचा पहिला भाग, मिलार्डिया, आला एका साहेबाच्या आडनावावरून. मिलार्ड हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस. त्यांच्या पुढाकाराने सोसायटीने १९११ साली सबंध हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी काढली. ती बारा वर्षे, १९२३ पर्यंत चालली आणि सुमारे २५ हजार नमुने जमले. आणि बरं का, तिची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली! क्रम्प नावाचा माणूस नमुने गोळा करायला आला आणि पहिला अहवाल निघाला तो पूर्व खानदेशाचा. जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या राउटन यांनी तो लिहिला. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले होते आणि शहादा-तळोदा-नंदुरबार पश्चिम खानदेशात गेले होते. म्हणजे पहिला अहवाल शेजारणीच्या ओट्यापर्यंत येऊन थांबला.

तेव्हाची रीत अशी की प्राणी मारायचा, कातडे काढून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, माप आणि गोळा करणाऱ्याचे नाव. बीळ दाखवणाऱ्याचे किंवा दाखवणारीचे नाव लिहायची रीत नव्हती. आज मोजणीसाठी प्राणी मारायची गरज नाही. पण चिठ्ठी मात्र अजून तितकीच महत्त्वाची आहे. ती किती महत्त्वाची, याचा दाखला आपल्या शहाद्यातच घडला.

रानपिंगळा नावाचे छोटे घुबड आहे. १८८४ साली डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर पक्षी दिसेचना. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या एका नावाजलेल्या लष्करी अधिकाऱ्याचा नमुना दाखवला जाई, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळालेला. लोक त्या अंगाने शोधत राहिले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन बाईने संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले आणि तिच्या लक्षात आले की ही चिठ्ठी खोटी आहे. त्या माणसाने डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून लंपास करून, पुन्हा नव्याने भरून, त्याला आपली चिठ्ठी बांधली होती. मग तिने ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि दोन सहकाऱ्यांबरोबर ती इथे आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! एवढा मोठा साहेब खोटे कसे लिहील, म्हणून कोणी विचारले नव्हते. तिने विचारले.

नंतर फराह इश्तियाक ही तरुण संशोधक तोरणमाळच्या जंगलात राहून या पक्ष्याचा अभ्यास करत होती. तो काय खातो, तर सगळ्यात जास्त सरडे-पाली-सापसुरळ्या आणि त्याखालोखाल उंदीर. म्हणजे तिथल्या उघड्या सागवानी रानात कोणते लहान प्राणी आहेत, हे माहीत असल्याशिवाय हे घुबड कसे जगते ते कळणार नाही. आणखी एक नाव सांगून ठेवते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. शकुंतला श्रीधर यांनी उंदरांवर अनेक वर्षे काम केले. उंदरांवरचे शास्त्र हे काही पुरुषांचेच राखीव कुरण नाही, एवढ्यासाठी सांगितले.

आता मोजायचे कसे? शास्त्रज्ञ ॲल्युमिनियमच्या पेटीसारखे पिंजरे रांगेत किंवा चौकटीत, दहा-दहा मीटरवर लावतात. एक पिंजरा एक रात्र, याला एक पिंजरा-रात्र म्हणायचे. ५० पिंजरे चार रात्री म्हणजे २०० पिंजरा-रात्री. त्यात दहा प्राणी सापडले तर शंभरी पाच. हे कशासाठी? नाहीतर तुम्ही उसात ४० पिंजरे लावाल आणि कापसात दहा, आणि म्हणाल उसात उंदीर जास्त! माप सारखे हवे. दुकानदार दोन गिऱ्हाइकांना दोन वजनांनी तोलू लागला तर आपण भांडतो, तसेच हे.

एकूण किती, याचा अंदाज काढायची युक्तीही साधी आहे. समजा पहिल्या खेपेला २० धरले, अंगावर खूण केली, सोडले. दुसऱ्या खेपेला २५ सापडले, त्यांत पाचांवर खूण दिसली. म्हणजे पाचांत एक खुणेचा. खुणेचे सगळे मिळून २०, तर सगळे मिळून साधारण १००. हा हिशेब मी चौथी शिकलेल्या बायांना समजावला आहे आणि त्यांना तो माझ्या बी.एस्सी.च्या मुलींपेक्षा लवकर कळला. कोंबड्यांचे खुराडे सांभाळणारीला हा हिशेब नवा नाही.

पण आपल्याला पिंजरेसुद्धा नकोत. बिळांची मोजणी करू. संध्याकाळी ठरलेल्या तुकड्यातली सगळी बिळे चिखलाने लिंपायची, मोजायची. दुसऱ्या दिवशी सकाळी किती उघडली ते बघायचे. उघडली ती नांदती. लिंपणे हे काम तर आपल्या हाताचे. याला खर्च शून्य आणि पद्धत शास्त्रात मान्य असलेली. फक्त लक्षात ठेवा, आढ्यावरचा उंदीर यात सापडत नाही. झुडपात घरटे करणारा सापडत नाही. भेगांत राहणारा नीट मोजला जात नाही. प्रत्येक मोजणी कोणाला तरी वगळते. माणसांच्या मोजणीतही तेच होते. रॉकेलच्या रांगेत दिवस घालवणाऱ्या बाईच्या नावापुढे 'काही काम करत नाही' असे लिहिलेले आपण पाहिले आहे.

जिथे गव्हाणी घुबड राहते, पडक्या वाड्यात, जुन्या देवळात, तिथे खाली काळपट गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि हाडे-केस गोळी करून ओकून टाकते. ती गोळी पाण्यात भिजवून सोडवली की कवट्या निघतात. रात्री घुबडाने काय काय खाल्ले त्याची पावतीच म्हणा ना. घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणारे गाव आपला फुकटचा राखणदार मारते. घुबड आणि डाकीण या दोघींच्या वाट्याला गावाने एकच वागणूक ठेवली आहे.

डाकिणीचा विषय निघाला तर बोलूनच टाकते. पाड्यावर ताप येतो, आठ दिवसांत दोन माणसे जातात आणि मग ओट्यावर कुजबुज सुरू होते. एखाद्या एकट्या बाईचे नाव घेतात, जिच्या नावावर थोडी जमीन असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, पण कायद्याआधी ताप पोचतो. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात, चिखलात लेप्टोचे जंतू उतरतात. पायाला चीर असेल तर तिथून अंगात जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. गवतातल्या उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तसा काळा डाग दिसतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ होती. दोन्हींवर औषध आहे, वेळेवर मिळाले तर. पाड्यालगत कोणते उंदीर आहेत, पावसानंतर वाढलेत का, हे वहीत लिहिलेले असेल तर आरोग्य केंद्रात आपण बोट ठेवून बोलू शकतो. 'कोणीतरी केले' असे म्हणायच्या आधी 'रक्त तपासा' म्हणता येते.

प्लेगचेही असेच आहे. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. तेव्हा प्लेग पसरतो कसा, हे कोणाला नक्की माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की उंदराच्या अंगावरची पिसू तो पसरवते. शास्त्राच्या जगाने ते मानायला आणखी काही वर्षे घेतली. आणि १९९४! तुमच्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल. आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातले मामला गाव, मग सप्टेंबरात सुरत. सुरतेत आपले किती खानदेशी लोक कामाला! नंदुरबारला गाड्या भरभरून येत होत्या आणि गावोगाव टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधत माणसे फिरत होती.

इथेही कुठला उंदीर, हा प्रश्न आहे. गोंड्याच्या शेपटीचा तो रानातला उंदीर प्लेगचे जंतू अंगात वागवूनही बहुधा टिकून राहतो. घरातला काळा उंदीर मरतो आणि त्याची पिसू उपाशी होऊन माणसाकडे वळते. म्हणून रान आणि घर यांच्या मधली जागा, म्हणजे बांध, उकिरडा, खळे, कडब्याची गंजी, ही नीट बघायची असते. मामल्याला आदल्या वर्षीच्या भूकंपाचे धक्के बसले होते. लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले आणि उंदरांना रान मोकळे झाले, असे तेव्हा मांडले गेले. घरात पटापट उंदीर मरून पडू लागले, हे आधी कोणाच्या नजरेस येते? पहाटे झाडू हातात घेणारीच्या.

मिझोराममध्ये १९५८ साली तिथल्या लोकांनी इशारा दिला होता की बांबूला फुलोरा येतोय, आता उंदीर वाढतील, दुष्काळ पडेल. म्हाताऱ्या माणसांना ते माहीत होते. आसाम सरकारने तो इशारा मनावर घेतला नाही. दुष्काळ पडला, आणि त्या रागातून जी चळवळ उभी राहिली तिने पुढे हत्यारे उचलली. वीस वर्षे रक्त सांडले. उंदरांचा हिशेब कोणाचा ऐकायचा, हा असा साधा प्रश्न नाही.

आपल्या भागातही बदल होतो आहे. राजस्थानात इंदिरा गांधी कालवा आला, वाळवंट ओले झाले, तसे कोरड्यात राहणारे उंदीर मागे हटले आणि ओल मागणारे आले. ते शास्त्रज्ञांनी नोंदवले. आपल्याकडे ऊस, केळी, पपई वाढली, तापीवर सारंगखेड्याला बॅरेज झाले. गोमाईच्या काठच्या बाया म्हणतात, घुशी पूर्वी इतक्या नव्हत्या. मला त्यांचे म्हणणे पटते. पण पटणे वेगळे आणि वहीत लिहिलेले दाखवणे वेगळे. पूर्वीची वहीच नाही. म्हणून आजपासूनची हवी.

आता विषाचे. झिंक फॉस्फाइड, ती काळी पूड. पोटातल्या आम्लात मिसळली की तिचा विषारी वायू होतो. त्यावर उतारा नाही. एकदा थोडेसे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा कित्येक दिवस त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस साधे धान्य खाऊ घालून मगच ते ठेवायचे असते. पण पुडीबरोबर हे कोणी सांगत नाही. मग दर आठवड्याला नवी पुडी येते आणि घरात, मिठाच्या डब्याशेजारी, विष कायमचे मुक्कामाला राहते. दुसरी ती ट्यूबमधली पेस्ट, पिवळ्या फॉस्फरसची.

मैत्रिणींनो, ही पुडी आणि ही ट्यूब किती मुलींनी स्वतःसाठी वापरली, हे आपल्या केंद्रात येणाऱ्या केसेस ज्या बघतात त्यांना विचारा. त्रास देणारे घर आणि हाताशी विष, दोन्ही एका छपराखाली. त्रास थांबवायची लढाई आपण लढतोच आहोत. पण हाताशी विष नसेल तर रागाची, निराशेची ती एक रात्र निघून जाते आणि मुलगी सकाळी आपल्याकडे येऊ शकते. हे एक पक्के डोक्यात ठेवा. पेस्ट पोटात गेलेली मुलगी पहिल्या दिवशी उलट्या करते, मग दोन-तीन दिवस बरी दिसते आणि नंतर यकृत निकामी होते. 'आता बरी आहे, घरी नेतो' असे नवरा म्हणाला तर नेऊ देऊ नका. मोठ्या दवाखान्यातच ठेवा.

म्हणून कोणत्या जागी विष लागतच नाही, हे आपल्याला मोजून ठरवायचे आहे. घरात चिचुंद्री असेल तर विष नको. आढ्यावरचा असेल तर पिंजरा, कणगीला जमिनीपासून उंच ठाण आणि खांबांना पत्र्याची टोपी. उसात घूस असेल तर बांध रुंद आणि गवताळ ठेवायचे नाहीत, पाचट बांधाला टाकायचे नाही आणि हंगामाआधी सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात बिळांचा बंदोबस्त करायचा. एकट्याच्या शेतात मारून उपयोग नाही, शेजारच्या शेतातून आठ दिवसांत पुन्हा येतात. आणि जिथे विष लागेलच तिथे ते कुलपात, बाईच्याही एकटीच्या हातात नाही, गटाकडे.

तर पाच जागा ठरवल्या आहेत. लोणखेड्याचे गावठाण, उसाचा मळा, कापसाचे कोरडवाहू शेत बांधासकट, गोमाईचा काठ आणि डोंगरपायथ्याचे गवत. पायथ्याला वन खात्याची हद्द लागते, तिथे परवानगीशिवाय काही धरायचे नाही, फक्त बिळे आणि घुबडाच्या गोळ्या. उंदीर-घुशी १९७२ च्या कायद्यात उपद्रवी म्हणून वेगळ्या परिशिष्टात होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले, तेव्हा हद्दीत जपूनच. प्रत्येक जागी सारखाच तुकडा, पन्नास पावले बाय पन्नास पावले. पाऊस संपल्यावर एकदा, रब्बी कापणीला एकदा, मे महिन्यात एकदा. वहीत रकाने पाच: जागा, तारीख, लिंपलेली बिळे, उघडलेली बिळे आणि पाहणाऱ्या बाईचे नाव. एकही बीळ उघडले नाही तरी शून्य लिहायचे, रकाना कोरा ठेवायचा नाही. पौर्णिमेच्या आसपास मोजू नका, चांदण्यात ते कमी बाहेर पडतात.

उघडलेली बिळे सूर्य वर यायच्या आत बघावी लागतात आणि नेमकी तीच वेळ पाणी, चूल आणि शाळेच्या डब्याची. म्हणून दोघीदोघींच्या जोड्या केल्या आहेत. एक शेतात जाईल, दुसरी दोन्ही घरचे बघेल, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. घरच्या पुरुषांना आजच सांगून ठेवा की त्या तीन दिवशी पाणी त्यांनी भरायचे आहे. लिंपताना हाताला चीर असेल तर प्लास्टिकची पिशवी बांधा, घरी आल्यावर साबण लावून हात-पाय धुवा. मेलेला उंदीर दिसला तर हात लावायचा नाही. एकाच घरात दोन-चार मेलेले दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवायचे आणि मलाही. बाहेर खारी दिसतील, त्यांच्या पाठीवरचे पट्टे मोजा. इकडे बहुतेक पाच असतात. तीन दिसले, किंवा खारीसारखाच पण एकही पट्टा नसलेला, लांब तोंडाचा प्राणी झाडावर दिसला, तर लगेच निरोप पाठवा. तसला एक प्राणी मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात आहे. इकडे असला तर मला बघायला आवडेल.